रात्रभराचं नाटक आणि आठ जीबी

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, त्या थेट होळीपर्यंत. या झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहाला सुरू झालं की उजाडेपर्यंत चालतं. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावी मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री असं नाटक रेकॉर्ड करायचं माझ्याकडे आलं. रेकॉर्डर उसना होता आणि मला त्यातलं फक्त लाल बटण ठाऊक होतं.

पडद्यावर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं काहीतरी लिहिलेलं. खाली उरलेला वेळ : पावणेचार तास. आठ जीबीचं कार्ड तर रिकामं! मग पहाटेच्या अंकाचं काय?

मंडपातल्या माईकवाल्याला दाखवलं. तो हसला. "भाऊ, दोन्ही भोंग्यांतून एकच आवाज येते, तुम्ही दोन कायले भरता?" त्यानं मोनो केलं; निम्मा भार तिथंच उतरला. मग ९६ चे ४८ केले. माणसाच्या कानाला वीस किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आणि ४८ मध्ये चोवीसपर्यंतचं मावतं. पुन्हा निम्मं. तासाला दोन जीबी खाणारं यंत्र आता ५१८ एमबीवर आलं. सात तासांचे साडेतीन जीबींहून थोडे जास्त.

बिट मात्र २४ च ठेवले. खलनायक ओरडतो आणि नायिका कुजबुजते, तीही त्याच माईकवर. आवाजाची पातळी खाली ठेवली तरी २४ बिटमध्ये कुजबुज खरखरीत हरवत नाही.

मला खरं चक्रावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. दोन अंकांमध्ये रंगमंच गप्प होता, तरी कार्ड लावणीइतक्याच वेगानं भरत होतं. वेव्ह फाइल काय वाजतंय ते बघतच नाही; सेकंदाला ठरलेले नमुने लिहीत जाते. फ्लॅक या दुसऱ्या फाइल-प्रकारात तीच शांतता बऱ्याच कमी जागेत मावते आणि आवाजातलं काही जात नाही. एमपी३ तासाला ५८ एमबीत बसतं, पण १२८ केबीपीएसवर, आणि त्यात गाळलेलं परत येत नाही. ते मोबाइलवर पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही.

यंदाच्या मंडईत रेकॉर्डर घेऊन निघणार असाल तर ४८, २४, मोनो लावा. आणि कार्ड बत्तीस जीबीचंच घ्या. झाडीपट्टीत 'वन्स मोअर'चा हिशेब कुणीच आधी देत नाही.