नेट द्यावी की नको?

गेले दोन महिने डोक्यात एकच भुंगा आहे. नेट द्यावी की नको? नेट म्हणजे इंटरनेट नव्हे हो, प्राध्यापक होण्यासाठीची यूजीसीची परीक्षा. माझा विषय दृश्यकला, आणि त्यात कलेचा इतिहास भरपूर.

आमच्या म्हसवडात परीक्षा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पास झाल्यावर पगार किती वाढणार?" मी शाळेत चित्रकला शिकवते. नेट झाले म्हणून शाळेतला पगार एका रुपयानेही वाढणार नाही. बरं, परीक्षेला बसलेल्यांपैकी जेमतेम सहा टक्के पास होतात. एकूण दीडशे प्रश्न, तीनशे गुण, वेळ तीन तास. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांची तयारी माझ्याच गळ्यात. त्यात नेटचं एक सत्र डिसेंबरचं, आणि मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ. तेव्हा आमचं घर म्हणजे धर्मशाळाच! त्या गर्दीत मुघल लघुचित्रं आणि युरोपातलं प्रबोधन वाचायचं कधी? सासूबाई म्हणाल्या, "आता मुलाच्या दहावीचं बघायचं की तुझ्या?" त्यांचं काही चुकीचं नाही.

मग हा भुंगा जात का नाही?

कारण औंध. गोंदवले, दहिवडी, वडूज करत तिथं पोचता येतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी चित्रकारांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक काढलं आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि चक्क हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पही आहे. आपल्या दुष्काळी मुलखात!

मुलांना तिथं सहलीला नेलं होतं. सातवीतल्या एका मुलीने त्या शिल्पापुढे उभं राहून विचारलं, "बाई, ह्या बाईला नाक-डोळे का न्हाईत?" मी तिला सांगितलं, की चेहऱ्यापेक्षा बाळाला धरण्यातली माया त्याला दाखवायची असेल. पोरगी मान डोलावून पुढे गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले. एकाच माणसाने अजिंठाही जपावा आणि त्याच्याच संग्रहालयात मूरही असावा, हे कसं जुळलं? त्या काळात इथल्या लोकांनी ते कसं पाहिलं असेल? याचा नीट अभ्यास करावा, लिहावं, असं तेव्हापासून वाटतंय.

आता नियमही सोयीचे झालेत. सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी सक्तीची होणार होती, पण जुलै २०२३ मध्ये यूजीसीने नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान अट ठेवली. शिवाय २०२४ पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशालाही चालतात. शिष्यवृत्तीचं वय माझं कधीच उलटलं, पण बाकीच्याला वयाची अट नाही. म्हणजे दार उघडं आहे, फक्त उंबरा उंच आहे.

हेही खरं, की त्या परीक्षेत जोड्या लावायच्या असतात. कुठला चित्रकार, कुठलं चित्र, कुठलं शतक. त्या मुलीचा प्रश्न तिथं कुणी विचारणार नाही. पण तिच्या प्रश्नापर्यंत जायची वाट या जोड्यांवरूनच जाते, त्याला काय करणार? आज माझ्याकडे माहितीचे सुटे मणी आहेत. परीक्षेच्या धाकाने का होईना, ते एका दोऱ्यात ओवले जातील. नापास झाले तरी दोरा माझाच.

तर मंडळी, ठरलं. नेट द्यायची. पहाटे पाच ते सात माझे, बाकी दिवस घराचा आणि शाळेचा. पोरांचा रविवारचा चित्रकलेचा वर्ग बंद होणार नाही, आणि रथाला येणाऱ्या पाहुण्यांनीही खुशाल यावं. फक्त यंदा पुरणपोळ्या लाटायला एक-दोघी जणी लवकर आल्या तर बरं होईल. मावशी, वाचते आहेस ना?