दुसऱ्याच्या मनगटावरचा कॉम्प्युटर

जालन्यात काय मिळतं? बियाणं मिळतं, लोखंडी सळई मिळते, जीआय टॅगवाली मोसंबी मिळते. डाइव्ह कॉम्प्युटर मिळत नाही, आणि तो मिळावा असं इथे कुणाला वाटतही नाही. मुंबईचा समुद्रच आमच्यापासून चारशेक किलोमीटरवर, मालवणचा तर त्याहून लांब. तरी गेला महिनाभर माझ्या ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या शेजारी, असा एक कॉम्प्युटर पडून होता. ओळखीतल्या एका डायव्हरने मुंबईहून कुरिअर केलेला. सोबत मेसेज: ‘वापरून बघ. आवडला तर नऊ हजार दे, नाही तर परत पाठव.’

नऊ हजार! नवा घेतला तर याच्या अडीचपट जातात, हे खरं. पण नऊ हजार म्हणजे माझ्या स्कूटीचे तीन हप्ते. शिवाय मोबाइल सेकंडहॅण्ड घेतला आणि बिघडला तर आपण फार तर शिव्या देतो. हे यंत्र पाण्याखाली खोटं बोललं तर शिव्या द्यायलासुद्धा वर यावं लागतं, आणि प्रश्न नेमका ‘वर येण्याचा’च असतो.

ज्यांनी तारकर्लीला वीस मिनिटांचं स्कुबा करून फोटो काढलेत त्यांना वाटेल, हे कॉम्प्युटर प्रकरण काय आहे? त्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला हाताला धरून फिरवतो, सगळा हिशेब त्याच्याकडे. कोर्स करून स्वतःच्या जबाबदारीवर उतरायला लागलं की हिशेब आपला. समुद्रात दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळत जातो. हळू वर आलात तर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो. झटकन वर आलात तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तेच शरीरात होतं. बुडबुडे! सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

किती खोलीवर किती वेळ चालेल याची शिस्तशीर कोष्टकं १९०८ साली जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून मांडली. आजही कोर्समध्ये प्लॅस्टिकचा तक्ता दाखवतात. आमच्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला फक्त २० मिनिटं. पण तक्ता असं धरून चालतो की तुम्ही पूर्ण वेळ सगळ्यात खोल जागीच होतात. मनगटावरचा कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी दाब मोजतो आणि तुम्ही खरोखर कुठे किती वेळ होतात त्यावरून उरलेली मिनिटं सांगतो. आणि आधीच्या डाइव्हचा नायट्रोजनही लक्षात ठेवतो.

इथेच भाड्याच्या कॉम्प्युटरची अडचण आहे. सकाळी तो दुसऱ्याच्या हातावर होता आणि दुपारी माझ्या हातावर आला, तर त्याच्या डोक्यात त्या माणसाचं शरीर असतं, माझं नव्हे. दर वेळी वेगळं मॉडेल, वेगळी बटणं, हे आणखी एक. म्हणून स्वतःचा हवा, इथपर्यंत माझं ठरलं होतं. प्रश्न होता तो जुना घ्यायचा का, हा.

सल्ला मिळाला अण्णांकडून. अण्णा म्हणजे माझे वडील, मुक्काम अंबड तालुका. समुद्र त्यांनी एकदाच पाहिलाय, पण जुने ट्रॅक्टर चार घेतलेत. ‘जुनं यंत्र घेताना तीन गोष्टी बघायच्या,’ ते म्हणाले. ‘तास किती चाललंय, धूर कसा सोडतंय, आन् विकणारा का विकतोय.’

तास आधी बघितले. डाइव्ह कॉम्प्युटरला लॉगबुक असतं, त्यात एका अनोळखी माणसाचं अर्धं आयुष्य निघालं. एकूण १४६ डाइव्ह, सगळ्यात खोल ३१ मीटर. जास्तीत जास्त डाइव्ह रविवारच्या. शेवटची मार्च २०२०! त्यानंतर काही नाही. म्हणजे यंत्र दमलेलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये झोपलेलं होतं. अशात पहिली शंका बॅटरीची. माझं नशीब की या मॉडेलची बॅटरी घरी बदलता येते. काही मॉडेल्स त्यासाठी कंपनीकडेच पाठवावी लागतात. त्या जातीचा असता तर मी बॉक्स न उघडताच परत केला असता. बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरा थर नव्हता. रबरी रिंग मात्र कडक झाली होती. नवी रिंग मागवली, सिलिकॉन ग्रीस लावलं, सेल जालन्यातच घड्याळजीकडे मिळाला.

मग धूर. यासाठी समुद्र लागत नाही, विहीर लागते. यंदा पाऊस बरा झाला म्हणून आमच्या विहिरीत चाळीस फूट पाणी होतं. याच विहिरीत मामाने पाठीला वाळका भोपळा बांधून मला ढकललं होतं, पोहायला तिथेच शिकले. एका जाळीच्या पिशवीत दगड आणि कॉम्प्युटर घातला, दोरीला ३, ६ आणि ९ मीटरवर खुणा केल्या आणि पिशवी सोडली. नऊ मीटरच्या खुणेला पाच मिनिटं थांबवून वर काढली. लॉगमध्ये आकडा होता ८.८. गोड पाणी खारट पाण्यापेक्षा जवळपास अडीच-तीन टक्के हलकं असतं आणि हा कॉम्प्युटर खाऱ्या पाण्यासाठी जुळवलेला. म्हणजे बरोबर! तिसऱ्या वेळी अण्णांनी दोरी मुद्दाम झर्रकन ओढली. पिशवी पाण्याबाहेर आली तरी कॉम्प्युटर किंचाळतच होता आणि लॉगमध्ये ‘फार वेगाने वर’ अशी खूण उमटली. ‘आवाज बरा आहे याचा,’ अण्णा म्हणाले.

पण विहिरीला सगळं कळत नाही. दाब मोजणारा सेन्सर ठीक आहे एवढंच तिने सांगितलं. आतला हिशेब बरोबर आहे का, हे दोरी कशी सांगणार? २००३ साली अमेरिकेत उवाटेक कंपनीचे ‘अलाडिन एअर एक्स नायट्रॉक्स’ या मॉडेलचे काही जुने कॉम्प्युटर परत मागवावे लागले. दोन डाइव्हच्या मधल्या वेळात माणूस बोटीवर साधी हवा घेतो. ते कॉम्प्युटर मात्र तिथेही तो टाकीतला नायट्रॉक्सच ओढतोय असं धरून चालत, आणि अंगात उरलेला नायट्रोजन कमी दाखवत. म्हणून जुना घेताना सिरियल नंबर कंपनीच्या परत मागवलेल्या यादीशी ताडून बघणं मस्ट! मी बघितला, तो यादीत नव्हता.

तिसरी गोष्ट, का विकतोय? सरळ फोन केला. ‘मुलगी झाली, मग कोविड, मग घराचं लोन,’ तो म्हणाला. ‘दर वर्षी वाटतं जाऊ. आता वाटणं बंद झालंय, म्हणून विकतोय.’ फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गप्प होते. यंत्रात खोट नव्हती, पण पाच वर्षांनी माझ्याही ड्रॉवरमध्ये हेच पडून राहणार नाही कशावरून? माझे दोन वर्षांत चौदा डाइव्ह झालेत. ऑफिस, घर, ‘आता लग्नाचं बघ’, यातून पंधरावा कधी होणार?

निकाल लावला तो जालन्यानेच. आमचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर, आणि मालवणहून घरी यायचं तर घाट चढावा लागतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि रोज अनेक डाइव्ह केले असतील तर १८ तास थांबा, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. तो सहाशे मीटरच्या पुढच्या उंचीला लागू होतो. म्हणजे रविवारी दुपारी डाइव्ह, संध्याकाळी गाडी, हा ग्रुपचा लाडका बेत घाटात विमानासारखाच होतो. मालवणातल्या माणसाला डाइव्ह संपली की घर पायाशी. पठारावरच्या माणसाची डाइव्ह घाट चढेपर्यंत संपलेली नसते! कॉम्प्युटर हे उरलेले तास मोजून दाखवतो. समुद्रापासून जितकं लांब राहावं तितकी त्याची गरज जास्त, हे मला या महिन्यात कळलं.

तेव्हा घेतला. दोन अटींवर. प्लॅस्टिकचा तक्ता आणि साधं वॉटरप्रूफ घड्याळ सोबत राहणार. आणि माझा व जोडीदाराचा कॉम्प्युटर वेगळं बोलले, तर जो जास्त भित्रा त्याचं ऐकायचं.

नऊ हजार पाठवले. ड्रॉवरच्या भीतीवर औषध कुठल्या कंपनीकडे नाही, म्हणून डिसेंबरच्या रजेचा अर्ज त्याच संध्याकाळी टाकला. तीन दिवसांऐवजी चार. चौथा दिवस फक्त मालवणात बसून मासे खाण्यासाठी. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा ‘वैद्यकीय’ म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.