फियाटच्या टपावरचं लाकडी कॅरिअर : आधी चुकलो, मग जमलं

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण विषय फुलांच्या काढणीशीच जोडलेला आहे.

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. पुरंदरातून दिवे घाट उतरून पुण्याला जावंच लागतं. घरी १९९४ ची प्रीमिअर पद्मिनी आहे, आम्ही तिला फियाटच म्हणतो. मागची सीट मऊ आणि सलग, येताना आईला आडवं होता येतं. दहा गुंठे झेंडू आहे. गाडी जातेच आहे तर फुलं पण नेऊ, टेम्पोचं भाडं वाचेल, असा हिशोब केला. डिकीत दोन क्रेट बसतात. बाकीची टपावर.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवर कॅरिअर असायचं, ती हीच गाडी. हिच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी जायला पत्र्याची पन्हळ आहे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत बसतात. वजन पन्हळीवर येतं, मधल्या पत्र्यावर नाही.

लाकूड नवीन घेतलं नाही. गोठ्यामागं वडिलांची बैलगाडी पडून होती. दांड्या बाभळीच्या, साट्याच्या फळ्या सागाच्या. तीस-चाळीस वर्षं वाळलेलं लाकूड, आता फारसं पिळायचं नाही की आकसायचं नाही. पण हात लावायचं धाडस होईना. आईला विचारलं. ती म्हणाली, "कुजवण्यापेक्षा बरं. गाडीचं लाकूड गाडीलाच लागंल."

सुतारानं दांड्यांतून दोन इंच बाय दीड इंचाचे तीन आडवे दांडे काढले. टप मधे फुगीर असतो, म्हणून दांडा आणि पत्रा यात दोन बोटं जागा ठेवली. वर सागाच्या पट्ट्या, मधे दोन-दोन इंच फट. बाभळीत खिळा वाकतो, म्हणून सगळीकडं भोक पाडून बोल्ट. वेल्डरकडून पट्टीचे सहा क्लॅम्प करून घेतले. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. (तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.)

दिसायला झकास झालं. आणि तिथंच मी फसलो.

पहिल्याच खेपेला चार क्रेट वर टाकले. रात्री पाऊस झालेला, फुलं ओली. पहाटे घाट उतरताना पुढच्या एसटीनं ब्रेक मारला, मी पण मारला. वर खरकन् आवाज झाला आणि पुढचा क्रेट काचेवर लोंबायला लागला. अख्खं कॅरिअर वीतभर पुढं सरकलं होतं. दोरी होती म्हणून क्रेट खाली पडला नाही. मागं मोटारसायकलवाले होते, पुढं उतार. माझे पाय लटपटत होते. आई मागून एवढंच म्हणाली, "फुलं गेली तर जाऊ दे, गाडी कडंला घे."

दोन क्रेट मागच्या सीटवर तिच्या शेजारी ठेवले, एक पुढं माझ्या बाजूला, एकच वर राहिला. मार्केट यार्डात पोचेपर्यंत भाव उतरला होता. दवाखान्यात तासभर उशीर, आईची पाळी पुढं गेली. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत तिथंच. टेम्पोचं भाडं वाचवायला गेलो आणि त्रास तिला झाला.

घरी येऊन ताणकाट्यावर सगळं तोललं. कॅरिअर १६ किलो. ओल्या फुलांचा क्रेट १४ किलो. म्हणजे टपावर ७२ किलो! गॅरेजवाल्यानं आधीच बजावलं होतं, पन्नासच्या वर जाऊ नको. मी कॅरिअरचं वजन धरलंच नव्हतं, आणि फुलांनी पाणी किती धरलंय तेही बघितलं नव्हतं.

मग दुरुस्ती केली :

१. क्लॅम्प वर उचलू देत नाही, पण पुढं सरकणं तो एकटा थांबवत नाही. म्हणून कॅरिअर पुढच्या आणि मागच्या बंपरला पट्ट्यानं ताणून बांधलं.
२. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर. पकड येते.
३. साध्या नटाच्या जागी नायलॉक नट. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पाना लावायचाच.
४. वर तीनच क्रेट, तेही कोरड्या फुलांचे. अकरा त्रिक तेहतीस आणि कॅरिअर सोळा, एकोणपन्नास. ओली फुलं असली तर दोनच.
५. समोर दोन-अडीच इंचाची आडवी फळी, क्रेट अडायला.

करणार असाल तर आरटीओ आणि विम्याची चौकशी आधी करा. आणि बहुतेक नवीन गाड्यांना ही पन्हळ नसते, हे क्लॅम्प तिथं चालायचे नाहीत.

त्यानंतर दसऱ्यापर्यंत एकवीस खेपा झाल्या, कॅरिअर बोटभर हललं नाही. तरी घाट सुरू व्हायच्या आधी आई विचारतेच, "पाना लावला का?" लावलेला असला तरी मी गाडी थांबवतो आणि पुन्हा एकदा बघतो.