बंगलोरात कुठे खायचं?

"बंगलोरला येतोय रे, कुठे खायचं ते सांग." हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. त्यासाठी मी रीतसर एक एक्सेल शीट करून ठेवलंय. एरिया, काय खायचं, कधी बंद असतं, पार्किंगचा ताप किती... असे कॉलम. (हसू नका. सॉफ्टवेअरवाला संसारही एक्सेलमध्येच करतो.) मित्र विचारतात, मी शीट पाठवतो, विषय संपतो.

फेब्रुवारीत बाबा सांगलीहून आले तेव्हा मात्र शीट काही कामाला येईना.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. बाबा एकटेच राहतात. फोनवर "जेवलो रे, जेवलो" म्हणायचे, पण स्टेशनवर उतरले तेव्हा शर्ट खांद्यावरून लोंबत होता. त्यातून हॉटेलात खाणं म्हणजे पैशाची आणि पोटाची नासाडी, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. पहिल्या संध्याकाळी एका मॉलमधल्या चकचकीत ठिकाणी नेलं. त्यांनी मेनूकार्ड उजवीकडून, म्हणजे किमतीच्या बाजूने वाचलं, एक सूप मागवलं आणि त्यातलंही अर्धं ठेवलं. बायको मला टेबलाखालून पाय मारत होती.

शनिवारी सकाळी सहालाच त्यांना मेट्रोत बसवलं. व्हाइटफील्डहून जांभळी लाइन, मॅजेस्टिकला बदलून हिरवी, नॅशनल कॉलेजला उतरून रिक्षाने गांधी बझार. विद्यार्थी भवन! 1943 पासून चालू आहे. (शुक्रवारी बंद. हे शीटमध्ये लाल अक्षरात आहे, कारण मी स्वतः फसलोय.) शनिवार-रविवारी बाहेर नाव सांगून ताटकळायचं, मग आत मिळेल त्या टेबलावर अनोळखी माणसांसमोर बसायचं. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रं. वेटर एका हातावर डोशाच्या दहा-बारा बश्या रचून आणतो आणि चालता चालता पत्ते वाटल्यासारख्या वाटत जातो. डोसा जाडसर, बाहेरून कडक, आतून मऊ. पातळ कागदी डोशाची सवय असेल तर पहिला घास चकवतो.

आमच्यासमोर धोतर नेसलेले एक आजोबा होते. त्यांनी बाबांना काहीतरी विचारलं. मी नेहमीचं "कन्नड गोत्तिल्ला" म्हणणार, तेवढ्यात बाबांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं! बाबांचं आजोळ अथणीचं, हे मला माहीत होतं. पण ते अजून असं सहज बोलत असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचं ते वाक्यागणिक 'री' लावणारं उत्तरेकडचं कन्नड ऐकून आजोबा खूश. मग दोघांची जी काही जुंपली! मी इथे सात वर्षं राहतोय आणि मला 'स्वल्प'च्या पुढे काही येत नाही. मी मुकाट डोसा खात बसलो. बाबांनी दुसरा डोसा कधी मागवला तेही कळलं नाही.

मग काय, मला चेवच आला. त्याच दुपारी एमटीआर, लालबाग रोडचं. संस्था 1924 ची. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली आम्हीच काढली, असं ते सांगतात. आणीबाणीत सरकारने ठरवलेल्या भावात परवडेना, तेव्हा दर्जा कमी करण्याऐवजी त्यांनी हॉटेलच बंद केलं आणि ते 1984 ला पुन्हा उघडलं. हा किस्सा बाबांना इडलीपेक्षाही आवडला. सोमवारी शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार. इथे सांबार मागू नका, मिळत नाही. इडली-वड्यावर चटणी मात्र मागाल तितकी ओततात. बशी हातात घेऊन फुटपाथवर उभं राहून खायचं.

बुधवारी सकाळी उठलो तर बाबा घरात नाहीत. फोन उशाशीच. छातीत धस्स झालं. चप्पल अडकवून खाली धावलो.

आमच्या कोपऱ्यावर एक दर्शिनी आहे. दर्शिनी म्हणजे बंगलोरची उभ्याने खायची हॉटेलं. आधी पैसे भरून कूपन घ्यायचं, ते काउंटरवर द्यायचं, बशी उचलायची आणि उंच स्टीलच्या टेबलाशी उभं राहायचं. ही दर्शिनी माझ्या शीटमध्ये नाही. रोजच्या रस्त्यावरची, तिचं काय लिहायचं? तर तिथे बाबा आमच्या सोसायटीच्या वॉचमनबरोबर उभे. तो गुलबर्ग्याचा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. समोर चौचौ बाथ, म्हणजे एकाच बशीत तिखट खाराबाथ आणि गोड केशरीबाथ.

"बाबा, शुगर!"

"अरे, गोड त्याला दिलं," वॉचमनकडे बोट दाखवत ते म्हणाले. वॉचमनने लगेच मान डोलावली. (बाबांच्या बोटाला तूप लागलेलं होतं. असो.)

मग ते स्वतःच गल्ल्यावर गेले आणि एक कूपन घेऊन आले. 'बाय टू कॉफी.' एकच कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. त्यांना शुगर निघाल्यापासून घरी आई चहा असाच करायची, एक कप दोघांत. मी ते कूपन घेऊन काउंटरकडे वळलो, तर मागून बाबांचा आवाज आला,

"बिनसाखरेची सांग. म्हणजे... आता तुलाही तशीच प्यावी लागेल."