तीन आवाजांची आरती

माझ्या काकांनी १९८७ साली कुवेतहून येताना एक कॉम्प्युटर आणला होता. कमोडोर ६४. कीबोर्डच्या पोटातच सगळे यंत्र, आणि ते टीव्हीला जोडायचे. आम्ही भावंडे त्यावर गेम खेळायचो, आणि खेळण्यापेक्षा गेमचे संगीतच जास्त ऐकत बसायचो. ते यंत्र अजून चालते.

१९८२ च्या ह्या कॉम्प्युटरात सिड नावाची आवाजाची चिप आहे. बॉब यानेस ह्या इंजिनियरने ती घडवली. पुढे सिंथेसायझर बनवणाऱ्या एन्सोनिक कंपनीच्या संस्थापकांत तो होता. चिपमध्ये आवाज फक्त तीन. प्रत्येकाला लाट निवडून द्यायची: त्रिकोणी, करवती, पल्स किंवा नुसता खरखराट. एवढ्याशा भांडवलावर ब्रिटनमधल्या रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे यांनी गेम्सची गाणी रचली. एकाच आवाजात तीन सुरांचा मेळ हवा असेल, तर ते सूर सेकंदाला पन्नास वेळा आलटून पालटून वाजवायचे. कानाला ते एकत्रच वाटतात!

गेल्या चवथीच्या आधी मी ठरवले, ह्या यंत्रावर आमची घुमट आरती बसवायची. कारण सरळ होते. अर्धांगवायू झाल्यापासून काकांचा उजवा हात चालत नाही, आणि त्यांचे घुमट खुंटीला टांगलेले आहे.

हिशेब पहिल्याच दिवशी चुकला. पेटी, घुमट, शामेळ, कांसाळे मिळून झाली चार, आणि आवाज तीन. मग कांसाळ्याला वेगळी जागा दिलीच नाही. शामेळाच्या दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत खरखराटाचा छोटा तुकडा घुसवला. घुमटासाठी आधी क्षणभर खरखराट, म्हणजे चामड्यावरची थाप, आणि लगेच त्रिकोणी लाटेचा खालचा सूर.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी काकांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "ताल बरो आसा रे. पूण दावो हात खंय?"

डावा हात! घुमटाच्या उघड्या तोंडावर तळवा झाकत-उघडत वादक आवाज वळवतो. आणि मी तेच विसरलो होतो.

रात्री पुन्हा बसलो. सिडमध्ये प्रत्येक आवाजाच्या कंपनसंख्येला ६५,५३६ पायऱ्या असतात, त्यामुळे थापेनंतर सूर थोडा थोडा करून सरकवता येतो. पण कुठल्या थापेला किती, हे मला काय ठाऊक? काका शेजारी खुर्चीत बसले. मी थाप वाजवायचो, ते डाव्या हाताने हवेत दाखवायचे, मी आकडे बदलायचो. बारा थापा बसवेपर्यंत रात्रीचे दोन वाजले.

दुसऱ्या दिवशी आरतीला पोरांनी खरीच घुमटे वाजवली, आणि तेच योग्य. यंत्र आतल्या खोलीत बंद होते. काकांचा डावा हात मात्र आरतीभर मांडीवर हलत होता.

त्या बारा थापांचे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. दर रविवारी आम्ही दोघे पुढच्या थापा बसवतो. काकांना आठवतात तोवर सगळ्या उतरवून घ्यायच्या आहेत.