निकाली कुस्ती, गुणांची कुस्ती

पक्षपाताचा आरोप बहुधा निकालानंतर होतो आणि तो करणारा बहुधा हरलेला असतो. म्हणून आपण तो सहज झटकून टाकतो. गारगोटीत मराठी शिकवताना आणि अधूनमधून निबंधस्पर्धांचे परीक्षण करताना मला मात्र या आरोपापाशी थोडे थांबावेसे वाटते. त्याला निमित्त झाले ते कुस्तीचे.

आमच्याकडच्या जत्रांतली कुस्ती पुष्कळदा निकाली असते. पाठीला माती लागली की संपले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात उभारलेल्या खासबाग मैदानाची रचनाच अशी आहे की शेवटच्या ओळीतल्या माणसालाही मल्लाची पाठ दिसावी. निकाली कुस्तीत पंच फक्त सर्वांनी पाहिलेले उच्चारतो. गुणांच्या कुस्तीत तो वाचक होतो: डाव कुठे सुरू झाला, प्रतिस्पर्धी धोकादायक स्थितीत गेला की नाही, याचा अर्थ तो लावतो. जिथे अर्थ लावणे आले, तिथे संशयही आला.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग लावली आणि त्याला चार गुण मिळाले. सिकंदर धोकादायक स्थितीत गेलाच नव्हता, असा आक्षेप निघाला. सिकंदर मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा, आणि कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला. माझ्या वर्गात दोन तट पडले. एक म्हणाला, तो मुसलमान म्हणून डावलला; दुसरा म्हणाला, तो कोल्हापूरच्या तालमीचा म्हणूनच आपल्याला टोचते. टांगेबद्दल मात्र कुणीच बोलेना. पंचांना फोनवरून धमकी आल्याचीही बातमी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला शिवराज राक्षेला हरवून सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला; पण नंतरचा विजय हे आधीच्या शंकेचे उत्तर नसते.

निकाल डोळ्यांना दिसला म्हणजे वाद मिटतो, असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेला चितपट ठरवले गेले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेले आणि राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन होऊ शकत नाही. पण कॅमेरे असलेल्या आखाड्यात निर्णयाचे कारण सर्वांसमोर उलगडून दाखवायला काय हरकत असावी?

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये तेरा जणांच्या समितीने अंतिम फेऱ्यांसाठी चार संघ निवडले. तेराही सामने जिंकलेले फ्लोरिडा स्टेट वगळले गेले आणि एक सामना हरलेले अलाबामा आत आले. मुख्य खेळाडू जायबंदी झाल्याने संघ पूर्वीचा राहिला नाही, असे कारण समितीने दिले. लोकांचा राग गेला नाही, पण त्या रागाला निदान एक विषय मिळाला: झालेले सामने मोजायचे की होऊ शकणारे? कारण दिलेले नसेल, तर माणसे निर्णय देणाऱ्याची जात, गाव आणि गट शोधू लागतात.

साहित्यातले आपले पुरस्कार, अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची निवड, उत्तरपत्रिकांवरचे गुण, ही सगळी गुणांचीच कुस्ती आहे. इथे माती लागलेली पाठ कुणाला दाखवता येत नाही. म्हणून मी प्रत्येक निबंधाखाली दोन ओळींत कारण लिहितो. मागे एका वाडीतली मुलगी, आपला तिसरा क्रमांक का, असे विचारायला आली. तिने त्या दोन ओळी वाचल्या आणि त्या चूक कशा आहेत हे मला अर्धा तास सांगितले. क्रमांक बदलला नाही; तिला माझे म्हणणे पटलेही नाही. पण सारे भांडण तिच्या निबंधावर झाले, तिच्या वाडीवर किंवा माझ्या आडनावावर नाही.

समीक्षकाने निःपक्षपाती असावे, असे आपण म्हणतो. ते कितपत शक्य आहे, कोण जाणे. आपले कारण दुसऱ्याला खोडता येईल अशा भाषेत लिहिणे मात्र त्याला नक्कीच शक्य आहे.