एकच दवंडी

१२ नोव्हेंबर
धानकापणीचे दिवस. आरमोरीकडचे एक काका आले. कुष्ठरोगाच्या एमडीटीचा, म्हणजे बहुऔषध उपचाराचा, तिसरा महिना. दंडावरचा फिकट चट्टा लाल होऊन सुजलेला, कोपरामागची नस दोरीसारखी जाड. करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये कागद धरायला दिला, ओढताच निसटला.
"एकही गोळी चुकवली नाई, मॅडम. मंग रोग वाढला कसा?"
रोग वाढलेला नाही. जंतूंविरुद्ध त्यांचीच प्रतिकारशक्ती उसळली आहे. ही रिअॅक्शन. सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले, कोपराला विश्रांती सांगितली. "मंग धानाचं काय?" मला उत्तर सुचले नाही.

१३ नोव्हेंबर
लहानपणी गावात दवंडी पिटली जायची : उद्या मामा तलावाचे पाणी सोडणार. धानवाले बांध्या नीट करायला धावत, ढिवर जाळी काढायला. निरोप एक, कामे वेगळी.
काकांच्या नसेत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनी अशीच दवंडी पिटली आहे : गॅमा इंटरफेरॉन. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीला तो मिळाला की स्टॅट-१ हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि जंतू मारणारी जनुके चालू होतात. नसेला लपेटून असलेल्या श्वान पेशीतही तीच जनुके आहेत, पण त्यांतली उघडी कोणती, मिटलेली कोणती, हे तिचे वेगळे. त्याच निरोपावर ती आतल्या जंतूचे तुकडे पृष्ठभागावर मांडते आणि टी-पेशींच्या माऱ्यात स्वतःच सापडते. नस जाते ती अशी.

२६ नोव्हेंबर
काकांची साखर वाढली. प्रेडनिसोलोन हाही निरोपच. पांढऱ्या पेशींत तो सुजेची जनुके दाबतो. यकृतात साखर तयार करणारी जनुके चेतवतो. गोळी एकाच नसेसाठी देता येत नाही. म्हणून दर भेटीला साखर तपासायची, कंटाळा न करता.

२६ डिसेंबर
बाबा आमट्यांचा जन्मदिवस. वरोऱ्याला, आनंदवनात जाऊन आले. कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना बाबांनी कलकत्त्यात प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले होते. रोग झाला नाही. बहुतेकांना तो होतच नाही. ज्यांच्या अंगभर जंतू पसरतात, त्यांच्या चट्ट्यांत बीटा इंटरफेरॉन आणि आयएल-१० यांचा जोर असतो. त्या निरोपांनी मॅक्रोफेजमधली जंतू मारणारी जनुके दबतात. यात कोणाचे पाप कुठे आले? तरीही माणसे चट्टा लपवतात, आणि तेवढ्यात नस जाते.

३० जानेवारी
कुष्ठरोग निर्मूलन दिन. काकांच्या गावी ग्रामसभा. आधी शाळेच्या ओसरीत त्यांचा हात तपासला. कागद घट्ट धरला. करंगळीच्या टोकाला स्पर्श अजून कळत नाही. प्रेडनिसोलोनचा डोस उतरवत आणला आहे.
सभेत मी बोलणार होते. काकाच उठले, सदऱ्याची बाही वर सारून चट्टा दाखवला आणि म्हणाले, "हे लाल झालं, नस दुखली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. धान थांबते."